उठताना लागणारी जागा

बहरीनमध्ये मराठी माणूस गेला की मला फोन येतो. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या कंपनीतला एक फिटर गेला, त्याचे कागद मी फिरवले, आणि तेव्हापासून इथल्या मराठी मंडळात माझं नाव या कामाला चिकटलं ते चिकटलंच. पोटापाण्यासाठी मी एसीचा इंजिनीअर आहे. पोलिसांचा कागद, हॉस्पिटलचा कागद, दूतावासाचा कागद, मेलेल्याच्या कंपनीमागे तगादा, यल्ला, म्हणजे चला, खलास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं सगळं उरकलेलं असायचं. लोक तोंडावर कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्या आवडण्यात आहे.

तो ड्रायव्हर होता. नगर जिल्ह्यातला, पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा. सनद नावाच्या भागात कंपनीच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहायचा. मंडळाचा गणपती आणायला त्याची पिकअप, पोहोचवायला त्याची पिकअप, आणि आरतीला टाळ त्याच्या हातात. आवाज गोड होता. गाडी चालवताना तो नदीपलीकडच्या घराबद्दल काहीतरी गायचा, ओवीच्या चालीवर. मला वाटायचं, त्यांच्याकडचा एखादा अभंग असेल. शुक्रवारी सकाळी मात्र तो कधी सापडायचा नाही. “दुपारनंतर सांगा साहेब,” म्हणायचा. सुट्टीचा दिवस, लोळत पडत असेल, असं मी धरून चाललो होतो. मी बरंच काही असंच धरून चालायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत झल्लाकच्या एका हॉटेलात सामान उतरवताना तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. मला दुपारी कळलं. तासाभरात मी गावी त्याच्या धाकट्या भावाला फोन लावला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. इथेच करायचं की गावी पाठवायचं? पाठवायला आठ-दहा दिवस लागतील. भावाने आईला विचारलं आणि म्हणाला, “आई म्हणतीय तिथंच करा. एवढं दिस पेटीत नको.”

“काळजी करू नका,” मी म्हणालो. “सगळं व्यवस्थित करतो.”

संमतीचं पत्र लागतं. तीन ओळींचं इंग्रजी पत्र मीच टाइप करून व्हॉट्सअॅपवर पाठवलं. आईने त्याच्या छापील कागदावर सही केली, भावाने फोटो काढून परत पाठवला. मिशनच्या शाळेत चौथी झालेल्या बाईची ती सही होती, वळणदार, एकेक अक्षर सुटं. शाळा मिशनची होती हे मला नंतर समजलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. पत्रात क्रिमेशन हा शब्द होता. सही तिची होती आणि शब्द माझा होता.

पासपोर्टवर धर्म लिहिलेला नसतो. त्याचं पहिलं नाव एका देवाचं होतं, आणि आडनाव आमच्या पुण्याच्या सोसायटीत तीन दारांवर आहे. वर गणपतीत टाळ वाजवणारा. विचारण्यासारखं काही आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही, त्याच्या खोलीतल्या तिघांनाही मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, डोकं तापवणाऱ्या उन्हात, आम्ही सात जणांनी त्याला स्मशानात नेलं. नातेवाईक कुणी नव्हतं म्हणून अग्नी मीच दिला. लाकडंही मी उचलून लावली. संध्याकाळी घरी येऊन आंघोळ केली, वरणभात खाल्ला आणि बायकोला म्हणालो, सव्वा दिवसात उरकलं.

अस्थी घरात ठेवायला बायकोने नकार दिला. आमच्यात ठेवत नाहीतच. गावाकडे झाडाला बांधतात, इथे उम्म अल हस्समच्या आमच्या इमारतीखाली झाड कुठलं? मडकं फडक्यात बांधून गाडीच्या डिकीत ठेवलं, शेजारी त्याची खोलीवरून आणलेली बॅग. पाच दिवस मी त्याच गाडीने साइटवर गेलो, त्याच डिकीत दुधाचे कॅन टाकले. मुलगी पुढच्या सीटवरून मान वळवून विचारायची, “बाबा, इज ही स्टिल इन द कार?” मी तिला गप्प बसवायचो.

पाचव्या दिवशी एक ओळखीचा पुण्याला निघाला होता, म्हणून भावाला फोन केला. म्हटलं, अस्थी त्याच्याबरोबर पाठवतो, स्टेशनवर येऊन घ्या.

 तो म्हणाला, “कसल्या अस्थी?”

मी सांगितलं.

“साहेब, आम्ही ख्रिस्ती,” तो म्हणाला. “आम्ही पुरतो.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला राग आला. “मग सांगायचं नाही का?” मी चढ्या आवाजात म्हणालो.

“तुम्ही इचारलं नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नव्हता. “आई तर कबरीच्या फोटोची वाट बघतीय.”

गाडी पार्किंगमध्येच होती. मी डिकी उघडली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा ती बॅग उघडली. दोन शर्ट, दाढीचं सामान, आईचा फोटो, आणि टॉवेलात गुंडाळलेलं मराठी पवित्र शास्त्र. त्यात गाण्यांचं हस्तलिखित पुस्तक. नदीपलीकडचं घर त्यातल्या पहिल्याच पानावर होतं. ही बॅग मी आदल्या आठवड्यात, लाकडं लावायच्या आधी, दोन मिनिटं उघडली असती तर पुरे होतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. ती रडेल, शिव्या देईल, अशी तयारी करून मी बसलो होतो. तिने एकच विचारलं.

“माझं पोरगं शेवटच्या दिवशी उठंल का? कर्णा वाजंल तवा थडगी उघडतील आसं आम्हाला शिकवलंय. त्याला थडगंच नाही. मंग तो कुठनं उठंल? मी उठले आन् तो नसला तर?”

 तुमच्या चर्चच्या पाळकांना विचारा, असं काहीतरी मी पुटपुटलो.

“पाळकाला कसं इचारू? जाळलं हे गावात आम्ही कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही केलंय, तुम्हीच इचारून सांगा. शिकलेले हायेत तुम्ही.”

आता कुणाला विचारायचं? आमच्याच गल्लीत, तीन इमारती सोडून, एक नर्स राहतात. तीस वर्षं बहरीनमध्ये, नगरच्याच, वडील पाळक होते. मराठी लोक त्यांना मावशी म्हणतात. मी दारात उभा राहून झालं ते सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना आधीच माहीत होतं.

“आमच्याच चर्चमध्ये गायचा तो,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी त्याची खुर्ची रिकामी दिसली म्हणून आम्ही खोलीवर माणूस पाठवला. तोवर तुझं उरकलं होतं.”

उरकलं हा माझा लाडका शब्द. त्या दिवसापासून तो मला माझ्या तोंडात नकोसा झाला.

मी इंजिनीअरसारखं विचारलं. तुमच्यात जाळलेलं चालतं की नाही, एवढंच हो किंवा नाही सांगा, मी त्या बाईंना कळवतो. मावशी म्हणाल्या, “चालतं. आता बऱ्याच ठिकाणी चालतं. शहरात जागा नसते, लोक जाळतात, कुणी हरकत घेत नाही. हे सांगशील तिला? आणि तिने विचारलं, कधीपासून चालायला लागलं, आणि त्याआधीचे सगळे चुकले होते का, तर काय सांगशील?”

मग पुढचे चार शुक्रवार, चर्चहून त्या परतल्या की मी त्यांच्याकडे बसायचो. टेबलावर त्यांच्या वडिलांच्या जुन्या वह्या असायच्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. मला वाटलं होतं, मेल्यावर काय होतं हे त्यांच्यात पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेलं असेल, इमारतीच्या ड्रॉइंगसारखं. तसं काही नव्हतं. लोक मरत गेले, मागे राहिलेले प्रश्न विचारत गेले, आणि दर वेळी कुणीतरी बसून उत्तर शोधलं होतं.

अगदी सुरुवातीला, म्हणजे ख्रिस्ताच्याही कितीतरी आधी, यहुदी लोकांत स्वर्गही नव्हता आणि नरकही नव्हता. होता तो अधोलोक. चांगला माणूस असो की वाईट, सगळे तिथेच, खाली, अंधारात. तिथे देवाची स्तुतीसुद्धा होत नाही. “म्हणजे देवही तिथे नाही?” मी विचारलं. मावशींनी मान हलवली. “बरीच वर्षं लोक तेवढ्यावर जगले. नातवंडं बघायची, म्हातारं व्हायचं, खाली जायचं.”

मग परक्या राजांचा छळ आला. देवाचं ऐकतात म्हणून तरुण पोरं मारली जाऊ लागली, आयांसमोर. तेव्हा लोक म्हणाले, हे असंच संपणार असेल तर न्याय कुठे आहे? त्यातून ही कल्पना जोर धरत गेली, की देव मेलेल्यांना परत उठवील, मारणाऱ्यांना जाब विचारील.  पुनरुत्थान हा शब्द मी आजवर एखाद्या सणासारखा ऐकला होता. तो पोरं गमावलेल्या लोकांच्या संतापातून मोठा झाला असेल, असं मनात आलं नव्हतं.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना तर मरणाचा प्रश्नच पडला नव्हता. प्रभू आपल्या हयातीतच परत येणार, आज नाही तर पुढच्या महिन्यात, असं ते धरून चालले होते. मग त्यांच्यातलं कुणी वारलं, आणखी कुणी वारलं, आणि बाकीचे घाबरले. हे तर गेले, आता यांना तो दिवस चुकणार का? त्यांना पत्र लिहून धीर द्यावा लागला, की ते झोपलेत, आधी तेच उठतील. मावशी म्हणाल्या, “तिचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच आहे बघ. दोन हजार वर्षं झाली.”

पण वाट बघणं लांबत गेलं. शंभर वर्षं, दोनशे वर्षं. झोपलेल्यांनी मधल्या काळात करायचं काय? तेव्हा ग्रीक लोकांकडून आत्म्याची कल्पना आत शिरली. शरीर मातीत राहतं, आत्मा पुढे जाऊन कुठेतरी थांबतो. वह्यांमध्ये एका पानावर त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मग उठायचं कशाला?’ आणि पुढे खूप जागा कोरी सोडली होती.

मी ज्यासाठी गेलो होतो ते तिसऱ्या शुक्रवारी सापडलं. रोमी राज्यात ख्रिस्ती लोकांना मारायचे, तेव्हा एका शहरात मारून झाल्यावर प्रेतं जाळली आणि राख नदीत टाकली, मुद्दाम, की आता उठा कसे उठता ते. मागे राहिलेल्यांनी म्हटलं, ज्याने पहिल्यांदा मातीतून केलं तो राखेतूनही करील. समुद्रात बुडालेल्यांबद्दल, माशांनी खाल्लेल्यांबद्दल, ते मासे पुन्हा माणसांनी खाल्ले तर ते मांस शेवटी कुणाचं, यावरही विद्वान माणसं शतकानुशतकं गंभीरपणे भांडली होती. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी माझ्या गाडीच्या डिकीत मडकं होतं आणि मी शाळकरी पोरासारखा वहीत सगळं उतरवून घेत होतो.

शेवटच्या शुक्रवारी मी विचारलं, प्रार्थना तरी करता येईल ना त्याच्यासाठी? आमच्यात बारावं असतं, तेरावं असतं, दरवर्षी श्राद्ध असतं. जिवंत माणसाच्या हाताला काहीतरी काम राहतं.

“कॅथलिकांत आहे,” मावशी म्हणाल्या. “मधल्या काही शतकांत त्यांनी स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये शुद्ध होण्याची एक जागा मानली. तिथल्यांसाठी मागे राहिलेले प्रार्थना करतात. आमच्या प्रोटेस्टंट लोकांनी त्यांच्यापासून वेगळं होताना ती जागाच काढून टाकली. आमच्यात मेलेल्यासाठी प्रार्थना नाही. राहिलेल्यांसाठी करतात. माणूस गेला की आपल्या हातातून गेला.”

“मग त्या आईने करायचं काय?”

“वाट बघायची,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर थडगं लागतं, बाबा. त्याला नसेल लागत. तिला लागतं.”

मी चार पानी पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यात कामाव्यतिरिक्त लिहिलेलं सर्वात लांब लिखाण. अधोलोक, छळ, झोपलेले, नदीतली राख, सगळं सोप्या मराठीत. मावशींनी दोन चुका काढल्या. त्यांच्याच हॉलमध्ये बसून आम्ही व्हिडिओ कॉल लावला. भावाने फोन आईसमोर धरला. बारीक चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची बाई, मागे पत्र्याची भिंत. मी वाचत गेलो. 

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “म्हंजी त्यास्नीबी ठाऊक नव्हतं.”

“कुणाला?”

“पहिल्यांना. तेबी घाबरले व्हते.” मग म्हणाली, “राखंतून देव उठवील, हे मान्य हाये मला. त्याला काय अवघड. पण तुम्हाला आमचं ठाऊक नाही, म्हणून सांगते.”

मग तिने जे सांगितलं ते माझ्या चार पानांत कुठेच नव्हतं. तिचा आजेसासरा गावकीची कामं करायचा. गावात कुणी मेलं की सरणाची लाकडं डोक्यावर वाहून नेणं हे त्यांच्या घराकडे होतं. तो स्वतः मेला तेव्हा त्याला लाकूड मिळालं नाही. ओढ्याकाठी उथळ पुरला, आणि कोल्ह्यांनी उकरला. पुढच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या साहेबाने ओढ्यापलीकडची जमीन मिळवून दिली, तिला कुंपण घातलं, आणि त्यांच्या घरातला माणूस पहिल्यांदा पूर्ण लांब, खोल, नावाच्या दगडाखाली निजला. तिथे तिच्या नवऱ्याची कबर आहे. शेजारची जागा मुलासाठी सोडलेली आहे, त्याच्या पलीकडची तिच्यासाठी.

“लाकडं कुणी लावली त्याला?” तिने विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

“कोणच्या जातीचे तुम्ही?”

मी सांगितलं. आमच्या घराण्यात कुणी कधी दुसऱ्याच्या सरणाला लाकूड वाहिलं नसणार, हे ऐकणाऱ्याला लगेच कळेल अशी ती जात आहे.

ती हसली नाही. “बघा म्हंजी,” एवढंच म्हणाली.

सहीचंही मी तेव्हाच सांगितलं. मावशींनी नको म्हणून खूण केली होती, पण मला राहवेना. त्या पत्रात जाळायचं असं इंग्रजीत लिहिलं होतं आणि तुम्ही त्याच्याखाली सही केलीत, हे मी तिला सांगितलं. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो पदराखाली घेतला. असं खरं बोलून मी कुणाचं भलं केलं, ते मला आजही कळलेलं नाही.

मी म्हणालो, अस्थी मी स्वतः घेऊन येतो, त्याच्या जागेवर पुरू.

“नको,” ती म्हणाली. “इथं मडकं आणलंत तर गाव बघंल. तिथंच पुरा. तिथल्या ख्रिस्ती लोकांत. आन् खड्डा पुरा खणा, माणसाएवढा. मडक्यापुरता नको.”

मला कळलं नाही. “मडकं लहान आहे आई,” मी म्हणालो. पहिल्यांदाच तिला आई म्हणालो. “एवढं एवढं.”

“आज लहान हाये. तो उठंल तवा त्याला जागा लागंल ना.” मग तिने विचारलं, “त्याची उंची ठाऊक हाये का तुम्हाला?”

त्याला मी खांद्यावर घेतलं होतं. त्याच्याभोवती लाकडं मी रचली होती. उंची मला माहीत नव्हती. “पाच फूट सात,” भाऊ फोनच्या मागून म्हणाला. “पोलिस भरतीला मोजली व्हती.”

परवानगी मिळवायला तीन आठवडे गेले. ते काम मावशींनी केलं, मला कुणी काही विचारलं नाही. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही आठ-नऊ जण ख्रिस्ती दफनभूमीत जमलो. इथली जमीन हातभर खाली गेलं की दगड. ब्रेकर लावून खणलेलं होतं, साडेसहा फूट लांब, कमरेच्या वर खोल. खणणाऱ्याने आधी मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “साब, डब्बा तो इतना छोटा है,” तो म्हणाला. “इतना लंबा काहेको खुदवाया?”  नीट खणलंस, एवढंच म्हणालो.

पाय पूर्वेकडे ठेवतात, म्हणजे उठल्यावर तोंड उगवतीकडे होतं. पाळकांनी वाचलं. चर्चच्या लोकांनी गाणं म्हटलं, नदीपलीकडच्या घराचं. ते मला निम्मं पाठ होतं, पिकअपमध्ये ऐकून ऐकून. माझ्या तोंडून शब्द येऊ लागले आणि मी ओठ मिटले. मला तो हक्क नव्हता.

मग प्रश्न आला, एवढ्या लांब खड्ड्यात मडकं ठेवायचं कुठे? पाळकांनाही सुचेना. मावशींच्या फोनवर आई होती, कॅमेरा खड्ड्याकडे धरलेला. “छातीपाशी,” ती म्हणाली. कुणीतरी खाली उतरायला हवं होतं. मी उतरलो. डोक्याच्या बाजूने मोजून, छाती येईल तिथे दगडावर मडकं ठेवलं. उरलेली जागा माझ्या पायाभोवती रिकामी होती. त्याचे खांदे, त्याचे पाय, टाळ वाजवताना हलणारी त्याची मान, हे सगळं या जागेत मावलं असतं, आणि त्यातलं काहीही नव्हतं. वर उभ्या असलेल्यांनी हात दिला, तरी मला चटकन वर येता येईना.

माती टाकून झाल्यावर मी फोन हातात घेतला आणि माफी मागितली. त्याआधीही मागितली होती, पण ती घाईघाईची होती.

“आमच्यात माफ करावंच लागतं,” ती म्हणाली. “जो दुसऱ्याला माफ करीत नाही त्याला वर माफी नाही, आसं प्रभूनं सांगितलंय. मला ठाऊक हाये. पण आज तोंडातून निघंना. खोटं बोलले तर तेबी त्याला कळतंय. पुढच्या शुक्रवारी फोन करा.”

पुढच्या शुक्रवारी केला. त्याच्या पुढच्याही. आता दोन वर्षं होत आली. ती कोंबड्यांबद्दल बोलते, भावाच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलते, आणि दर वेळी विचारते, जाऊन आलात का? मी सकाळीच जाऊन आलेलो असतो. दगडावर रेती साचते ती झाडतो. मंडळातलं ते काम मी सोडलेलं नाही, पण आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो, तुमच्यात जाळतात की पुरतात? काही घरांत लोक दुखावतात. परवा एक गृहस्थ म्हणाले, आमचं आडनाव ऐकून कळत नाही का? मी म्हटलं, नाही कळत.

यंदा ती एक्याऐंशीची झाली. मार्चपासून अंथरुणाला आहे, फोन भाऊ कानाशी धरतो. मावशींना मी विचारलं, ती ‘माफ केलं’ न म्हणताच गेली तर?  त्या म्हणाल्या, देव दयाळू आहे, पण ती तसं मानत नाही, ती लिहिलेलं मानते. म्हणजे ते दोन शब्द तोंडातून न काढता ती गेली, तर तिच्या समजुतीप्रमाणे तिचं तिथलं दार बंद. मुलगा पूर्वेकडे तोंड करून उठेल, आणि ती नसेल. तिला पहिल्या दिवशी जी भीती होती तीच उलटी होऊन खरी ठरेल, आणि दोन्ही वेळा कारण मीच. मी देव मानणारा माणूस नाही. तरी शुक्रवारी सकाळी, रेती झाडताना, तिने माफ करावं म्हणून मी कुणाला तरी विनवत असतो. माझ्यासाठी नाही, हे त्या कुणाला तरी आधी सांगतो.

मागच्या शुक्रवारी तिचा आवाज फार खोल गेला होता. सकाळी दगडावर ऊन किती आलं होतं, असं तिने विचारलं. मी सांगितलं. मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. ती प्रयत्न करते आहे, हे मला कळत होतं. मी फोन कानाशी घट्ट धरून उभा होतो.

“न्हाई येत,” ती म्हणाली. “हाये मी अजून. पुढच्या शुक्रवारी करा.”